सहाव्या आणि सातव्या पायरीच्या मध्ये

९ जानेवारी

आल्या. आल्या. आल्या!

बाहेर उणे चौतीस, माझ्या पापण्यांवर बर्फ, आणि पडद्यावर सोन्याच्या कड्या. दहा-वीस नाही, चित्र सरकवावं तिथवर कड्याच कड्या. मधमाशांच्या पोळ्यासारख्या शिस्तीत, एकीच्या भोवती सहा, त्या प्रत्येकीभोवती परत सहा. केसाच्या रुंदीत हजारभर बसतील. वॉल्टर स्टॅडनिक एकतीस वर्षं हा सूक्ष्मदर्शक सांभाळतोय, त्याला कशाचंच कौतुक नसतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"पोरी, हे कुणी छापून दिलंय का तुला?"

"मी केलंय."

"बरं. आता परत करून दाखव."

खडूस. पण मला राग नाही आला. आज कुणाचाच राग येणार नाही.

कसं जमलं ते इथे लिहिते, कारण लॅबच्या वहीत लिहायची लाज वाटते. ॲल्युमिनियमचा पत्रा थंड ॲसिडमध्ये बुडवून चाळीस व्होल्ट लावले की त्याच्यावर आपोआप भोकं उगवतात. पहिल्या वेळची वेडीवाकडी. ती सगळी विरघळवून टाकायची आणि मागे राहिलेल्या खळग्यांत परत उगवू द्यायची. दुसऱ्यांदा शहाण्यासारखी रांगेत येतात. ही झाली चाळणी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ती सोन्याचा मुलामा दिलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर झोपवायची, वरून आर्गॉन वायूचा मारा करायचा. भोकांच्या तळाचं सोनं उडतं आणि भोकाच्या भिंतीला चिकटतं. चाळणी विरघळवली की उरते कडी.

पण चाळणी सपाट झोपली तरच. एका जागी जरी उचलली गेली तर कडी नाही, नुसता डाग. आणि इथली हिवाळ्यातली हवा इतकी कोरडी की चाळणी चकतीजवळ नेली की स्थिर विजेने फडफडते, गुंडाळी होते, नाकात जाते. चौदा महिने हेच चाललंय. काल वैतागून मी मास्क खाली केला आणि चकतीवर हाऽऽ केलं. बाबा दुकानात चष्म्याच्या काचेवर करतात तसं, दोनदा. धुकं धरलं, त्यावर चाळणी ठेवली, आणि ती मांजरासारखी अंग टाकून झोपली.

आमच्या धूळविरहित स्वच्छ खोलीत मास्क काढणं म्हणजे देवळात थुंकणं. नमुन्यावर श्वास सोडलेला कळला तर ॲगाथा बाई मला हाकलतील. म्हणून वहीत नाही लिहिलं.

वहीच्या प्रत्येक पानाखाली छापलेलं असतं: 'वाचले व समजले', आणि पुढे दुसऱ्या कुणाची तरी सही. माझ्या पानांवर रॉरी पेनी करतो. न्यूफाउंडलंडचा, बेटावरचा, पीएच.डी. करून इथे दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेला. ॲगाथा लिंडक्विस्ट बाई आमच्या मुख्य, मग हा, मग मी.

"सहा, चाळणी पाण्यावरून उचला. सात, चकतीवर ठेवा." त्याने बोट ठेवून वाचलं. "बयो, सहा आणि सातच्या मध्ये काहीतरी गाळलंयस."

"काही गाळलेलं नाही. हाताला सवय झालीये."

"इथल्या हवेत माझे केस उभे राहतात, आणि तुझी चाळणी गुमान झोपते?"

"तुझ्या केसांना कुणी शिस्त लावली नाही."

हसला आणि सही केली.

घरी जाताना बघितलं तर गाडीची इंजिन गरम ठेवायची वायर खांबाच्या प्लगात खोचलेली. सकाळी घाईत विसरले होते. न लावता दिवसभर गाडी उभी राहिली असती तर इंजिन गोठलंच असतं. वॉल्टरचं काम असणार. खडूस असला तरी माणूस चांगला आहे.

२ फेब्रुवारी

कड्यांवरच्या शोधनिबंधाचा मसुदा आज सगळ्यांसमोर आला. लेखकांची नावं: आर. पेनी, डी. होलोव्को, ए. लिंडक्विस्ट.

माझं दुसरं? मला वाटलं टाइप करताना चूक झाली. मूर्ख मी. हात वर करून म्हटलं, "नावांचा क्रम उलटा झालाय."

ॲगाथा म्हणाल्या, "नाही, मी विचार करून ठेवलाय. रॉरीचं कंत्राट जूनमध्ये संपतंय. नोकरीसाठी त्याला पहिलं नाव लागेल. तुझ्याकडे अजून दोन वर्षं आहेत, दारिया. तू आणखी काहीतरी करशील."

आणखी काहीतरी. जणू कड्या म्हणजे आईच्या वरेनिकी, उकडलेल्या करंज्या, एक घाणा गेला की दुसरा टाकायचा.

रॉरी टेबलाकडे बघत होता. चोर टेबलाकडेच बघतो.

३ फेब्रुवारी

कॉफीच्या मशीनपाशी गाठलं त्याने.

"बयो, मी मागितलं नव्हतं."

"मग काय, झाडावरून खिशात पडलं?"

"ऐक ना. मी परवाच ॲगाथांना लिहिलंय..."

"तू नको लिहूस. लिहायचं काम माझं. तू फक्त सही करतोस."

कप मशीनखालीच ठेवून गेला. चांगलं लागलं. दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते, लिमलेटच्या गोळीसारखं.

१३ फेब्रुवारी

देव आहे!

निबंध पाठवला होता त्या नियतकालिकाकडून उत्तर आलं. चित्रं सुंदर आहेत, पण एकाच नमुन्याची आहेत. आणखी पाच नमुने करा, मग बोलू. ॲगाथांनी ते काम कुणाला दिलं? पहिल्या नावाला. "ज्याचं नाव पुढे, त्याचे हात तिथे पोचलेले असले पाहिजेत," म्हणाल्या. मला संदर्भांची यादी नीट करायला बसवलं.

रॉरी माझी वही मागायला आला. दिली. दोन्ही हातांनी दिली, नैवेद्य देतात तशी.

"काही अडलं तर विचारू ना?"

"सगळं त्यात आहे. तू वाचलंयस, तुला समजलंय. खाली सही आहे तुझी."

ठरलं. मी काहीही करणार नाही. ॲसिडमध्ये पाणी घालणार नाही, पत्रे लपवणार नाही, एक खोटा शब्द बोलणार नाही. फक्त दोन श्वास माझ्यापाशी ठेवीन. माझेच तर आहेत.

२० फेब्रुवारी

पहिला नमुना: डाग. दुसरा: डाग.

२३ फेब्रुवारी

तिसरा. चाळणी चकतीवर न बसता त्याच्या हातमोज्याला जाऊन चिकटली. मी काचेबाहेरून बघत होते. त्याने मान वर केली, मी यादीत डोकं घातलं. इतकं हसू दाबलं की उचकी लागली.

३ मार्च

पाण्याचा थेंब टाकून बघितला त्याने. चाळणी तरंगली, सुरकुतली. अल्कोहोल टाकून बघितलं तर आकसली. हवेत ओलावा सोडायचं यंत्र मागितलं, स्वच्छ खोलीत परवानगी नाही म्हणून नकार आला. किती जवळून जातोय, आणि तोंडावरचा मास्क काढायचं काही सुचत नाही त्याला. सुचणारच नाही. नियमाने वागणारा माणूस आहे. नावं तेवढी नियमाबाहेर घेतो.

आज परत विचारलं, "तू नक्की काय करतेस गं?"

"प्रेमाने ठेवते."

"थट्टा नको करूस. मला झोप नाही तीन दिवस."

मला मात्र इतकी छान झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

११ मार्च

रॉरी आठवडाभर हॅलिफॅक्सला गेलाय, नोकरीच्या मुलाखतीला. घरापासून समुद्रच तेवढा मध्ये, म्हणून खूश होता म्हणे. त्याची आई बेटावर एकटी असते.

आज परत उणे एकतीस. वायर मी विसरलेच होते, आणि संध्याकाळी गाडी मेलेली. टो करणाऱ्याची दीड तास वाट बघितली. पायाची बोटं अजून बधिर आहेत.

वॉल्टरला म्हटलं, "आज माझ्या गाडीकडे बघितलं नाहीस होय?"

"कसली गाडी?"

"वायर रे. रोज लावतोस ना."

"मी बसने येतो, दारिया. ते पार्किंग कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा मला माहीत नाही."

म्हातारा झाला बिचारा. करतो आणि विसरतो.

१९ मार्च

रॉरी परतला. मुलाखत चांगली झाली, पण त्यांची एक अट आहे. या कड्या त्याला तिथे जाऊन करून दाखवाव्या लागतील, आणि त्याआधी त्याच्या हातचा एक नमुना त्यांना हवाय. एप्रिलच्या मध्यापर्यंत.

मला हे त्यानेच सांगितलं. भोळा की निर्लज्ज? "तुझ्याखेरीज कुणाला सांगू?" म्हणाला.

एक क्षण, अगदी एकच, जिभेवर आलं होतं. मग भिंतीवर लावलेल्या मसुद्यावर नजर गेली. आर. पेनी.

"सराव कर," म्हटलं.

२ एप्रिल

चौदावा. डाग.

दाढी वाढलीये त्याची. आताशा बयो म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. पण गाडीची वायर मात्र लावलेली असते. आठवत नसलं तरी वॉल्टरचं चालू आहे.

१५ एप्रिल

हॅलिफॅक्सवाल्यांनी दुसऱ्याला घेतलं.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं पानभर नाचेन. बरं झालं. बरंच झालं. बस.

२० एप्रिल, ईस्टर, घरी

पास्का, म्हणजे ईस्टरचा गोड पाव, खाऊन पोट फुटायची वेळ आलीये. मेणाने रंगवलेली अंडी दोन फोडली मी, आईने हातावर मारलं. दुपारी बाबांच्या दुकानात बसले. सुट्टी असून शेजारच्या म्हाताऱ्याचा चष्मा दुरुस्त करत होते. काच वर धरली, हाऽऽ, फडक्याने पुसली.

मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे कड्यांचं आणि श्वासाचं. नावांचंसुद्धा. रॉरी अजून करतोय आणि जमत नाही, तेही. मला वाटलं मांडीवर थाप मारून हसतील.

त्यांनी चष्मा डबीत ठेवला. "म्हणजे त्याला हे माहीत नाही?"

"मी सांगितलंच नाही."

"पण दारका, ही काय विद्या आहे का? हे मी कुणाला शिकवलं नाही. सगळ्यांना येतं."

"तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतात, बाबा."

"तुझ्याही असेल ना?" म्हणाले आणि दुसरा चष्मा घेतला. येताना बटाट्याच्या वरेनिकींचा मोठा डबा दिला आणि म्हणाले, "लॅबमध्ये वाटून खा."

मी फ्रीजरमध्ये टाकलाय.

२७ एप्रिल

असं काही होईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

ॲगाथांनी निबंध मागे घेतला. मग दार लावून मला समोर बसवलं. "दारिया, एकोणीस नमुने झाले. एकातही कडी नाही. मला सरळ सांग. जानेवारीतलं चित्र खरं आहे का?"

"वॉल्टरने स्वतः काढलंय!"

"वॉल्टरने तू दिलेली चकती बघितली. ती कशी झाली हे फक्त तुला माहीत आहे. तुझ्या वहीप्रमाणे केलं तर होत नाही." वही त्यांच्या पुढ्यात उघडी होती. सहा. सात. "आता हे माझ्या हातात राहिलेलं नाही. समिती बसेल."

"रॉरीला विचारा ना! पहिलं नाव त्याचं आहे!"

"विचारलं. तो म्हणतो हे काम सगळं तुझं आहे, त्याच्या हातून एकही कडी कधी झाली नाही. हे त्याने मला तेव्हाच लिहिलं होतं." एक कागद सरकवला त्यांनी. एक फेब्रुवारीची मेल, मसुदा सगळ्यांसमोर यायच्या आदल्या दिवसाची. 'हे काम दारियाचं आहे. तिचं नाव पहिलं ठेवा, नाहीतर माझं काढून टाका. असल्या नावावर मिळालेली नोकरी मला नको.' "मीच ऐकलं नाही," ॲगाथा म्हणाल्या. "वाटलं, मी दोघांचं भलं करतेय."

वा रे पठ्ठ्या. किती लांबचं बघतो! आधीच हात झटकून ठेवले होते. आता सगळं खोटं ठरलं तर ठरेल ते माझं एकटीचं. पाच वर्षं, पदवी, सगळं. मला पुढे करून स्वतः किनाऱ्यावर.

दुसरं काय असणार?

दुसरं काही असूच शकत नाही. नाहीतर मी हे तीन महिने काय केलं?

३० एप्रिल

सहा मेला समितीसमोर करून दाखवायचं आहे. बाहेरचे दोन प्राध्यापक, ॲगाथा, वॉल्टर. आणि साक्षीदार म्हणून रॉरी.

दोन वाटा आहेत. मास्क ठेवून करायचं, डाग पाडायचा आणि लबाड ठरून घरी जायचं. नाहीतर मास्क काढायचा. मग सगळ्यांना कळेल. त्यालाही कळेल.

कळू दे. तेच तर हवंय मला. बघू दे त्याला, कशापायी तीन महिने गेले त्याचे. सूड पुरा व्हायला ज्याच्यावर उगवला त्याला कळायला नको का?

हे वाक्य तीनदा लिहून बघितलं. दर वेळी अक्षर खराब आलं.

६ मे

पाण्यावरून चाळणी उचलली. काचेपलीकडे पाच चेहरे. चकती घेतली आणि मास्क खाली केला.

एक प्राध्यापक माइकमध्ये ओरडले, "मास्क! मास्क लावा!"

हाऽऽ. हाऽऽ.

धुकं धरलं. चाळणी ठेवली. झोपली.

मान वर केली ती थेट रॉरीकडे बघायलाच. या क्षणासाठीच मी फेब्रुवारीपासून जगत होते. रागावेल, आदळआपट करेल, शिवी देईल, काय काय ठरवून ठेवलं होतं मी त्याच्यासाठी. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. आधी त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला. खराखुरा. कोडं सुटल्यावर येतो तसा. भुवया वर गेल्या, तोंड उघडलं, काचेवर टकटक करणार होता बहुतेक. मग तो हिशेब लावत गेलेला मला दिसला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. हात खाली आला.

बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

"मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. सहा आणि सातच्या मध्ये."

"हो."

तो वॉल्टरकडे वळून म्हणाला, "चला, आर्गॉन सुरू करू या. हिच्या कड्या येणार आता, मी सांगतो."

७ मे

आल्या. चकतीभर. एकीच्या भोवती सहा.

वॉल्टर म्हणाला, "दाखवलंस परत करून." यावेळी चष्मा वर नाही केला त्याने.

९ मे

निर्णय लागला. काम खरं, चित्र खरं, वहीतली नोंद अपुरी, त्याबद्दल लेखी ताकीद. निबंध परत जाणार: डी. होलोव्को, ए. लिंडक्विस्ट. पेनी नाही. त्याने स्वतःच काढायला सांगितलं.

जिंकले. इथे नोंद करून ठेवते: मी जिंकले.

ॲगाथांनी वही परत दिली. "ती पायरी लिही, आजची तारीख घाल, आणि साक्षीदाराची सही घे. ज्याने डोळ्यांनी बघितलं त्याची."

"वॉल्टर करेल."

"वॉल्टर तंत्रज्ञ आहे, चालत नाही. मी आणि समितीवाले तुझे परीक्षक, आम्हीही चालत नाही."

मग उरलं कोण?

१२ मे

रॉरी खोकी बांधत होता. बेटावर परत चाललाय, मामाच्या खेकड्यांच्या बोटीवर या हंगामात माणूस कमी आहे म्हणे. टेबलावर त्याच्या एकोणीस चकत्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीच्या डबीवर तारीख. खिडकीतून पार्किंग दिसतं तिथून. माझी गाडी बरोबर समोर. खांबासकट.

ती खिडकी मी याआधी कधी बघितली नव्हती. खरं तर त्याच्या खोलीतच कधी गेले नव्हते. नको ते मनात येतं अशा वेळी. नाही लिहीत.

फ्रीजरमधला डबा नेला होता मी. का नेला माहीत नाही. टेबलावर ठेवला. "बाबांनी दिलेत."

"काय आहे?"

"वरेनिकी. बटाट्याच्या."

"थँक्यू."

वही पुढे केली. उभ्यानेच वाचलं त्याने, बोट ठेवून, नेहमीसारखं.

'पायरी सहा-अ. मास्क खाली करून चकतीवर जवळून दोन वेळा उच्छ्वास सोडा. धुकं धरलेलं असतानाच चाळणी ठेवा. ही पायरी ८ जानेवारीलाही केली होती. नोंद केली नव्हती.'

"का नव्हती केली, ते नाही लिहिलंस."

"वहीत कारणं लिहीत नाहीत."

"नाही लिहीत," तो म्हणाला. पेन मागितलं, मी दिलं. वहीवर वाकला. मग सही केली, तारीख घातली, वही मिटून माझ्या हातात दिली आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला लागला. मी थोडी उभी राहिले. चिकटपट्टी करकरत होती. जाते म्हटलं. तो "हं" म्हणाला.

पान मी जिन्यात उघडलं. खाली छापलेलं असतं: 'वाचले व समजले'.

'वाचले' तसंच ठेवलंय त्याने. 'व समजले' खोडलंय, पट्टी लावून खोडावं तसं सरळ, आणि त्याच्यापुढे सही.

ॲगाथांना दाखवलं. म्हणाल्या, चालेल.

मी जाऊन गाडीत बसले. मे महिना आहे, वायर कशालाच लागत नाही. तरी उतरून खांबाकडे बघून आले.